चाकाला लावलेलं तेल

न्हाई न्हाई, ताई, उतरू नका, बसा तुमी आतच — एसी लागू द्या, तवर मी लिंबं ठेवतो. चार चाकं, चार लिंबं, किती येळ लागतोय? पाच मिंटं. लांब जायाचं तर लिंबावरनंच गाडी काढायची असती, अन् ही तर सव्वा महिन्याची नवी, तुमी पयल्यांदाच एकट्या घेऊन निघालाय — सोनईतनं नगर, नगरात अर्शीताईला घ्यायचं, मग आळेफाटा, मग माळशेज घाट उतरून कल्यान. म्हाईत हाय, मैत्रिनीची हळद सांजच्याला हाय. मंजी लई येळ हाय अजून. दहा बी वाजल्यालं न्हाईत. लिंबू मधोमध बसाया पायजे बघा, आडवं बसलं की चाक चढत न्हाई, निसटतं — म्हनून असा खाली बसून ठेवतोय. ह्यो नारळ जरा बॉनेटवर ठेवतो — न्हाई, नको, चरा पडंल. खालीच ठेवतो.

मघाशी करकरला व्हय ब्रेक, पोर्चमधनं काढताना, मी बी ऐकलं. अन् तुमी हसत म्हनला, काका, करकरतोय तर बदलून टाका की, असं किती लागतंय? किती लागतंय! ताई, आपल्या बोलेरोचं पॅड बदलायचं तर नगरातला नबीलालभाई अडीच हजारात बदलतोय, वर च्या पाजतोय. पन ही बोलेरो हाय का? ही चार सेकंदात शंभरावर जाती. अन् नबीलालभाई मला म्हनतो, अरे श्रीमंत, जितकं पळनं महाग, त्याच्या दुप्पट थांबनं महाग असतंय. हिची डिस्क साध्या लोखंडाची न्हाईच. कसल्या तरी कोळशाच्या धाग्याची हाय म्हनं, भट्टीत भाजल्याली, चिनीमातीवानी. एवढी ताटाएवढी डिस्क, अन् तिला दोन्ही अंगानं दाबनारं पॅड तळहाताएवढं. पुढच्या दोन चाकांची नुसती पॅडं एक लाख चाळीस हजार. डिस्क धरून सहा लाख वीस हजार. ह्यात बसवायची मजुरी न्हाई धरली, ती पुन्यात येगळी, अन् कंपनी फुकट काय करून देत न्हाई, चूक आपली असली तर — मंजी, ज्याची असंल त्याची.

मला कसं म्हाईत? विचारलं हुतं की. सहज. नवी गाडी आल्यावर मानसानं म्हाईत नको का करून घ्यायला? बावीस वर्सं तुमच्या वडलांच्या, अण्णांच्या दारात ड्रायव्हर हाय मी, मला न्हाई तर कोनाला म्हाईत असनार — आवाज? कसला आवाज? फॅन असंल, कुलिंगचा. असा फुसफुस येतोय ह्या गाडीचा, मोठं इंजिन हाय ना. तुमी काच घ्या वर, उन्हाची झळ येतीय. दोन लिंबं झाली, मागची दोन राह्यली. तुमी फोन बघत बसा निवांत.

न्हाई, पैशाला काय कमी हाय अण्णांना, ते बी खरं हाय. तुमी म्हनता तसं, सांगितलं तर लगी करतील. पन पैशाची गोष्ट न्हाई ताई, गोष्ट हाय कुनामुळं झालं त्याची. तुमाला गहिनीनाथ आठवतोय का? बोलेरोवर हुता, माझ्या हाताखाली. तुमी पुन्याला शिकाया हुता तवा. त्यानं काय केलं हुतं? गाडी ठोकली? दारू प्याला? कारखान्याच्या गेटाला बंपर घासला, वीतभर. अन् सांगितलं न्हाई, टचअपचा रंग आनून आपल्या हातानं लावला येड्यानं. अण्णांना रंगाचा वास आला. संध्याकाळच्या आत त्याचा संसार गेटाभाईर — गादी, कुकर, पोरांची दप्तरं, देवाचा फोटो, समदं रस्त्याच्या कडंला. अण्णा काय वराडले न्हाईत. ते वराडत न्हाईतच, तेच तर — नुसतं म्हनले, रंग छान दिलायस, आता रंगाचंच काम बघ कुठं. तवापासनं अण्णांचा आवाज बारीक झाला की मी आधी आमच्या खोल्यांकडं बघतो. मागच्या दोन खोल्या तुमच्याच हायत आमच्याकडं, माझ्या पोरीची, रुपालीची नर्सिंगची फी अण्णाच भरत्यात, लोणीला. अजून दीड वरीस हाय तिचं. दीड वरीस, बस. तेवढं निघालं की मग —

आँ? काय पेटलं? कुठं, पुढच्या बोर्डावर? पिवळं? — घोड्याच्या नालासारखं, मधी उद्गारचिन्ह? ते... ते असंच पेटतंय कवा कवा. सेन्सर. नवीन गाड्यांचं लई नाजूक असतंय समदं. न्हाई, उतरू नका — ताई, उतरू नका म्हनतो ना! — बरं. उतरा. उतरलाच हाय तर बघा. व्हय, बसलंय चाक. ते बी बसलंय. अन् ह्या बाजूचं बी. न्हाई, पंक्चर न्हाई. चार चाकं एकदम पंक्चर हुत्यात का कुठं? मीच काढली हवा.

लिंबं ठेवत ठेवत. ही बघा — हवेच्या नळीतल्या पिना. चार. मुठीतच हायत माझ्या, म्हनून मघापासनं एका हातानं लिंबं ठेवतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत्यात. ही मूठ सहा लाख वीस हजाराची हाय, ताई, अन् ती उघडायला लावली तुमी. आता ह्या गाडीला स्टेपनी नसती. डिकीत ल्हानसा पंप हाय तेवढा, पन पिनाच न्हाईत तर पंप काय भरनार? गाडी हलत न्हाई आज. ओरडा माझ्यावर, पायजे तेवढं ओरडा, पन जरा बारीक आवाजात — अण्णा आत पेपर वाचत्यात.

सांगतो. समदं सांगतो. जरा टेकतो हितं, चाकाला.

मागल्या शनिवारी अवस हुती का न्हाई? अण्णांनी नवी गाडी शिंगणापूरला न्हेली, देवाला दाखवायला. अण्णा आत गेलं, मी पार्किंगमधी. तिथं लई गर्दी, तेलाच्या बाटल्या घेऊन मानसंच मानसं, अन् कोनीतरी येता जाता तेल सांडलं, ते चाकावर — न्हाई. कोनी न्हाई सांडलं. काल चांगुणाला बी मी हेच सांगितलं, बायकोला सुद्धा खोटं बोललो. मीच घातलं.

ऐका ना, आधी ऐका. माझा बाप, मच्छिंद्र, बैलगाडीनं ऊस वाहायचा कारखान्याला. दर शनिवारी चालत शिंगणापूरला जायचा, देवाला तेल घालायचा, अन् बाटलीच्या तळाला चार बोटं राखून घरी आनायचा. ते गाडीच्या आखाला. वंगन बी झालं अन् देवाची नजर बी चाकावर राह्यली. ऊस भरल्याली गाडी, वढा उतरायचा, रातीबेराती, पन कवा उलटली न्हाई बापाची गाडी. मरताना मला म्हनला, तुझ्या गाड्या इंजिनाच्या, तरी चाक ते चाकच, इसरू नको. मग मी बी लावत आलो. जीपला लावलं, सुमोला लावलं, बोलेरोला अजून लावतो. चाकाच्या मधल्या टोपनावर दोन थेंब, बोटानं. बावीस वर्सं. अण्णांना सुद्धा म्हाईत न्हाई. ब्रेकला तेल लागलं तर काय हुतंय ते मला कळत न्हाई का, ताई? शेंबड्या पोराला कळतंय. पन त्या गाड्यांची चाकं बंद असत्यात, पत्र्याची, वर टोपन. हिचं चाक हे असं, बोटं फाकून हात धरावा तसं उघडं. टोपनच न्हाई! मी बघत राह्यलो, घालावं कुठं? मग मधी, कंपनीच्या खुनेवर धार धरली. दोन थेंब म्हनून धरली, पन बाटली भरल्याली, हाताला घाम — पाव बाटली गेली एका चाकाला. अन् बोटाबोटांच्या मधनं वघळ थेट आत, त्या चकचकीत डिस्कवर. एका चाकाला झालं तवा तरी थांबावं का न्हाई मानसानं? तर मी काय केलं — एका चाकाला लावलं अन् दुसऱ्याला न्हाई, असं देवाचं अर्धवट ठेवू नये, म्हनून पुढच्या दुसऱ्या चाकाला बी घातलं. मागच्याला घालायच्या आत अण्णा आलं दर्शन करून. देवानंच पाठवलं असंल त्यांना, दुसरं काय.

रविवारी नगरला जाताना वास यायला लागला, भजी तळल्यासारखा. अण्णा म्हनले, कुठं तरी ढाब्यावर तळतायत. मी म्हनलो, व्हय अण्णा. सोमवारी तुमी समदी पाव्हन्यांच्या लग्नाला गेल्यावर, पाटाच्या कडंला न्हेली गाडी अन् पुढची चाकं काढली. पेट्रोलनं धुतली डिस्क. चिकट जाईना. मग तारेचा ब्रश घेतला, ट्रॉलीचा गंज काढतो तो, अन् घासली, घासली, आंगातली समदी ताकद लावून घासली. पॅडं काढून शेगडीवर भाजली, तेल जळून जाईल म्हनून. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. मंगळवारी नबीलालभाईकडं गेलो, पेट्रोल भरायचं निमित्त काढून. त्यानं चाकात बॅटरी मारली. मग म्हनला, श्रीमंत, तेल लागलं तवाच आला असतास तर पॅडावर भागलं असतं. हे घासलं कुनी? मी म्हनलो, म्हाईत न्हाई. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं — ही बघा, अजून सालटं गेल्यालं हाय. म्हनला, ज्यानं घासलं त्यानं चार लाख ऐंशी हजार घासलं. अन् दुसरं काय म्हनला, ते सांगतो. म्हनला, गावातल्या गावात चालंल कदाचित. पन तेल प्यालेलं पॅड तापलं की आतलं तेल वर येतंय. घाटात सारखा ब्रेक लागतो, सारखा तापतो. नेमका जवा पायजे तवा धरनार न्हाई. ही गाडी घाटात घालू नको, मेलास तरी घालू नको. मी त्याला म्हनलो, तूच कर ना काय तरी, भाई, पाया पडतो. तर हात पुसत उठला. म्हनला, मी बोलेरोचा मेस्त्री हाय, हे माझ्या हातचं काम न्हाई, पुन्याला ने अन् मालकाला खरं सांग. च्या बी पाजला न्हाई त्या दिवशी.

म्हनून आज पहाटं सहा वाजता मी एकटा गाडी घेऊन गेलो. म्हनलं बघू, नबीलालभाई उगी भेवडावतोय. घोडेगावपातुर गेलो. शंभरावर न्हेली. पुढं चौकात कांद्याचा ट्रक आडवा लागल्याला, गोन्या उतरवत हुते. मी ब्रेक दाबला. ताई, पायाखाली दगड. पाय दाबतोय, दाबतोय, अन् गाडी जातीय. आवाज निस्ता किर्रर्र, वढ डावीकडं. दोन्ही पाय दिले ब्रेकवर. ट्रकच्या मागं एक म्हातारी बसल्याली, सांडल्यालं कांदं पदरात येचत. तिनं वर बघितलं. उठली न्हाई ती, उठायचं सुचलंच न्हाई तिला, नुसती बघत राह्यली माझ्याकडं. कशी थांबली गाडी मला म्हाईत न्हाई. बंपरात अन् म्हातारीत वीतभर जागा, ताई. वीतभर. गहिनीनाथचा चरा हुता तेवढी. अन् ती म्हातारी काय म्हनली? कांदा उचलून पदरात टाकला अन् म्हनली, हळू की रं बाबा.

गाडी आनली, धुतली, पुसली, पोर्चमधी लावली. अण्णा च्या पीत हुते. म्हनले, श्रीमंत, पोरगी आज स्वतः चालवत घाटानं चाललीय, गाडी बघितलीस ना नीट? अन् मी —

मी म्हनलो, ओके हाय अण्णा.

ओके हाय. त्या म्हातारीचं त्वांड डोळ्यापुढं असताना म्हनलो. बावीस वर्सं ह्यांचं मीठ खाल्लं, अन् असा जागलो मिठाला. मनाला सांगितलं, ताई हळू चालवत्यात, ताईंना मीच शिकवलंय, गियरवर गाडी धरायला मीच शिकवलंय कारखान्याच्या मैदानात. दुपारपातुर काय हुत न्हाई, परत आल्या की मग पुन्याला न्हेऊ, काय तरी सांगू. माळशेज कसा हाय मला म्हाईत न्हाई का? धुकं असतंय, एका अंगाला कडा अन् दुसऱ्या अंगाला काय बी न्हाई, निस्ती हवा. तरी मी गप बसनार हुतो. खरं सांगतो, जाऊ देनार हुतो मी तुला. तुमाला.

अन् तुमी काय केलं? आतनं ह्यो नारळ घेऊन आला अन् म्हनला, काका, नारळ तुमच्याच हातनं फोडायचा, तुमी शिकवलंय ना मला. वाकला पन, पाया पडाया. ताई, तुमी का वाकला? न्हाई वाकला असता तर मी — नारळ फोडून म्हनलो असतो, सावकाश जा. त्यो नारळ हातात आल्यावर मला वाटलं, ह्यो मी फोडला अन् ही पोरगी गेली घाटात, तर देव कुनाला इचारनार? तरी बी खरं सांगायची हिंमत झाली न्हाई बघा. म्हनलं हवा काढू, चाकं बसली की राह्यलं जायाचं, अन् माझी चोरी बी झाकली. किती भ्यावं मानसानं! जीव तुमचा जातोय अन् मी पिना काढतोय एक एक, भेत भेत, कुनी बघतंय का म्हनून.

असं बघू नका माझ्याकडं.

काय? काय म्हनला? — तुमी सांगनार? अण्णांना? तुमीच तेल लावलं म्हनून, पूजेला?

न्हाई हो. असं कसं —

तुमाला काय बोलनार न्हाईत ते, ते बी खरंच. तुमच्यावर त्यांचा आवाज कवा बारीक हुत न्हाई. लेकीनं देवाचं तेल लावलं, हसतील सुद्धा. सहा लाखाचं काय, दुसरी गाडी घेतील. अन् घासलं कुनी, ते... ते बी तुमीच सांगितलं तर — खरंच म्हनाल का, ताई? दीड वरीस हाय फक्त रुपालीचं. तिला म्हाईत बी नको पडायला. खरंच म्हनाल? मग मी — मी पिना बसवतो लगेच, पुन्याला फोन करतो, टो गाडी बोलावतो, अण्णा भाईर यायच्या आत —

न्हाई.

न्हाई, ताई. असं नको. मघाशी तुमचा जीव द्यायला निघालो हुतो, आता तुमचं नाव द्यायला निघालो. ह्या दोन्हीत फरक काय? अन् तुमी निभावून न्हेलं, तर मी सुधरनार हाय का? उद्या परत कायतरी सांडंल माझ्या हातनं, परत ओके हाय म्हनंन, अन् त्या टायमाला नारळ हातात द्यायला तुमी नसाल, दुसरंच कोनीतरी बसल्यालं असंल गाडीत. ती कांदं येचनारी म्हातारी मला सोडनार न्हाई.

चपलांचा आवाज आला का? — आलाच. जिन्यावर हायत. अण्णाच. पेपर झाला वाटतं वाचून. ताई, तुमी आत जा. अर्शीताईला फोन करा, म्हना एसटीनं जाऊ दोघी, नगरला थेट गाडी बी भेटती कल्यानची. हा नारळ घ्या. घ्या की, देवापुढं ठेवा, ह्यो आज न्हाई फुटायचा. लिंबं बी राहू द्या तिथंच. न्हाई, थांबू नका माझ्यासाठी. मला तुमच्यापुढं न्हाई सांगता यायचं त्यांना.

जा म्हनतो ना, पोरी. जा आत.